इंट्रॉनमधलं एक अक्षर आणि न बनणारं हिमोग्लोबिन

एका वडिलांनी विचारलं आहे: "माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. तिला बीटा थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. जनुकीय तपासणीच्या रिपोर्टवर 'एचबीबी जनुक, आयव्हीएस १-५, सी.९२+५ जी>सी' असं लिहिलं आहे. हा बदल इंट्रॉनमध्ये आहे असं कळलं. पण मी वाचलं की इंट्रॉन पेशी कापून टाकते आणि प्रथिन फक्त एक्झॉनपासून बनतं. मग टाकून द्यायच्या भागातलं एक अक्षर बदलल्यानं एवढं कसं बिघडतं? आणि तिला प्रोटीनचा आहार वाढवला तर हिमोग्लोबिन वाढेल का?"

तुमचा पहिला प्रश्न अगदी नेमका आहे. रक्ताच्या आजारांवर काम करताना मी हा रिपोर्ट असंख्य वेळा आई-वडिलांच्या हातात दिला आहे, आणि बहुतेकांना 'जनुकात दोष आहे' एवढ्यावरच घरी पाठवलं जातं. तुम्ही पुढचं विचारलंत, म्हणून मीही पुढचं सांगते. त्यासाठी पेशी प्रथिन कसं बनवते हे बीटा ग्लोबिनच्याच जनुकावरून बघू. तुमच्या घरात प्रश्न त्याच जनुकाचा आहे, आणि हा सगळा प्रवास समजून घ्यायला त्याच्यासारखं दुसरं जनुक मला माहीत नाही.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात: दोन अल्फा, दोन बीटा. अल्फाचं जनुक १६ व्या गुणसूत्रावर, बीटाचं ११ व्या. बीटा साखळी, म्हणजेच बीटा ग्लोबिन, ही १४६ अमिनो आम्लांची एक माळ. कोणत्या क्रमाने कोणतं अमिनो आम्ल ओवायचं, हे जनुकात ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेलं असतं. तीन अक्षरांचा एक शब्द, त्याला कोडॉन म्हणतात. एका कोडॉनला एक अमिनो आम्ल. असे ६४ कोडॉन होतात. त्यातले ६१ अमिनो आम्लांचे आणि तीन 'इथे थांब' सांगणारे.

आता साधा हिशेब करा. १४६ अमिनो आम्लं, सुरुवातीचं एक मेथिओनिन जे नंतर काढून टाकलं जातं, आणि शेवटचा थांबा. म्हणजे १४८ कोडॉन, ४४४ अक्षरं. पण बीटा ग्लोबिनचं जनुक सुमारे १,६०० अक्षरांचं आहे. उरलेली अक्षरं कशासाठी? तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या उरलेल्या अक्षरांत आहे.

डीएनए केंद्रकातून बाहेर पडत नाही. तलाठ्याच्या दप्तरातली मूळ नोंद जागेवर राहते आणि आपल्या हातात नक्कल मिळते, तसंच इथेही आहे. आरएनए पॉलिमरेज नावाचं एन्झाइम जनुकाची आरएनएमध्ये नक्कल काढतं. शाळेत आपण याला प्रतिलेखन म्हणून शिकलो. पण नक्कल कुठून सुरू करायची हे त्याला कसं कळतं? जनुकाच्या सुरुवातीच्या सुमारे ३० अक्षरं आधी 'टाटा बॉक्स' नावाची खूण असते, तिच्या आधारानं यंत्रणा जागेवर बसते. या खुणेतलं एखादं अक्षर बदललं तरी थॅलेसेमिया होतो, कारण नकलाच कमी निघतात. प्रथिनाच्या मजकुरात तेव्हा एकही चूक नसते. भारतीय रुग्णांत तर नकलेच्या अगदी पहिल्याच अक्षरातला बदलही सापडला आहे. पेशी नकलेच्या ज्या टोकावर रासायनिक टोपी चढवते, नेमकी ती जागा.

निघालेली कच्ची नक्कल सुमारे १,६०० अक्षरांची असते. तिच्यात तीन एक्झॉन आणि त्यांच्या मध्ये दोन इंट्रॉन असतात. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५०. हे दोन कापून काढायचे आणि एक्झॉन एकमेकांना जोडायचे. मग जवळजवळ ६२६ अक्षरांचा मेसेंजर आरएनए, म्हणजे संदेश, तयार होतो आणि केंद्रकाबाहेर जातो. जनुकं अशी तुकड्यातुकड्यांत असतात हे १९७७ मध्ये कळलं. त्यासाठी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना १९९३ चं नोबेल मिळालं. तोवर जनुक म्हणजे सलग मजकूर अशीच समजूत होती.

इथे थोडं थांबू, कारण तुमच्या मुलीचा प्रश्न याच कापण्याच्या पायरीवर आहे.

इंट्रॉन टाकून द्यायचा असतो हे खरं. पण कुठे कापायचं ही खूण बरीचशी इंट्रॉनच्याच अंगावर असते. शिंपी कापडावर खडूने रेघ मारतो. ती रेघ शिवलेल्या सदऱ्यात दिसत नाही, पण पुसली गेली तर सदरा बिघडतो. इंट्रॉनच्या सुरुवातीची काही अक्षरं ही ती रेघ आहे. ती वाचण्याचं काम यू-१ नावाचा एक छोटा आरएनए करतो, प्रथिनांसोबत. त्याच्या टोकावरची अक्षरं इंट्रॉनच्या सुरुवातीच्या अक्षरांशी जोडीने जुळतात, आणि जुळणी पक्की झाली की बाकीची कापणारी यंत्रणा तिथे गोळा होते.

आता तुमचा रिपोर्ट वाचू. 'एचबीबी' म्हणजे बीटा ग्लोबिनचं जनुक. 'सी.९२' म्हणजे प्रथिनाच्या मजकुरातलं ९२ वं अक्षर. पहिला एक्झॉन इथे संपतो, तोही तिसाव्या अमिनो आम्लाच्या (सुरुवातीचं मेथिओनिन न मोजता) कोडॉनच्या मध्येच. '+५' म्हणजे तिथून पुढे इंट्रॉनमध्ये पाचवं अक्षर. 'जी>सी' म्हणजे जी च्या जागी सी. जुनं नाव आयव्हीएस १-५ हेच सांगतं: पहिला इंट्रॉन, पाचवी जागा.

बीटा ग्लोबिनचा पहिला इंट्रॉन जी-टी-टी-जी-जी-टी असा सुरू होतो. यू-१ ला सर्वांत चांगली जुळणारी ओळ जी-टी-ए-ए-जी-टी अशी असते. दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिली दोन अक्षरं बरोबर. तिसरं जुळत नाही. चौथं जेमतेम जुळतं. पाचवं आणि सहावं पुन्हा बरोबर. म्हणजे निरोगी माणसातही इथली पकड मुळातच शंभर टक्के नाही, आणि त्या पकडीत पाचव्या जी चा वाटा मोठा आहे. जी आणि सी यांची जोडी तीन हायड्रोजन बंधांची, म्हणजे घट्ट जोडी असते. तो जी गेला की पकड सैल होते. एका अक्षराने एवढं बिघडतं ते यामुळे. दुसऱ्या एखाद्या जनुकात हाच बदल, जिथे बाकीची सगळी अक्षरं चोख जुळतात तिथे, कदाचित इतका महागात पडला नसता.

पकड सैल झाल्यावर यंत्रणा नुसती थांबून राहत नाही. ती आसपास दुसरी मिळतीजुळती जागा शोधते. जी-टी ही अक्षरं तर कितीतरी ठिकाणी असतात. बीटा ग्लोबिनमध्ये अशा तीन फसव्या जागा नेहमी वापरल्या जातात: एक इंट्रॉनच्या आत थोडी पुढे, आणि दोन पहिल्या एक्झॉनच्या आत, खऱ्या जागेच्या १६ आणि ३८ अक्षरं आधी. इंट्रॉनमधल्या जागी कापलं तर इंट्रॉनचा तुकडा संदेशात शिल्लक राहतो. एक्झॉनमध्ये कापलं तर कामाची १६ किंवा ३८ अक्षरं कचऱ्यात जातात. १६ ला तीनने भाग जात नाही, ३८ लाही नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुढे वाचणारं यंत्र तीन-तीन अक्षरं घेतच पुढे जातं.

मराठीत करून बघा. 'कमळ फणस मगर नयन' हे शब्द मधल्या जागा न सोडता लिहा आणि पहिला ळ गाळून पुन्हा तीन-तीनने वाचा: 'कमफ णसम गरन यन'. गाळलेलं अक्षर एक, पण त्यानंतरचा एकही शब्द ओळखू येत नाही. तुमच्या मुलीच्या पेशींत रोज हेच घडतं आहे.

तरी 'अजिबात नाही' असंही नाही. आयव्हीएस १-५ मध्ये काही संदेश बरोबर जागीच कापले जातात, म्हणून थोडं बीटा ग्लोबिन बनतं. मात्र आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या दोन्ही जनुकांत हा बदल असेल तर तेवढं पुरत नाही. इंट्रॉनचं पहिलंच अक्षर बदललेलं असेल, ज्याला आयव्हीएस १-१ म्हणतात, तर बरोबर कापलं जाणं पूर्ण बंद होतं. एकाच खुणेतल्या या दोन जागा, चार अक्षरांचं अंतर, आणि रुग्णांत फरक दिसतो.

आता बरोबर कापलेल्या संदेशाबरोबर पुढे जाऊ. केंद्रकाबाहेर त्याला रायबोसोम भेटतो. रायबोसोमचे दोन भाग संदेशाला दोन्ही बाजूंनी धरतात आणि ए-यू-जी हा कोडॉन सापडला की काम सुरू होतं. (आरएनएमध्ये टी च्या जागी यू असतो.) अमिनो आम्लं आणून देतो ट्रान्सफर आरएनए. त्याच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं आणि दुसऱ्या टोकाला त्या कोडॉनचं अमिनो आम्ल असतं. खरं भाषांतर रायबोसोममध्ये होतं असं आपण शिकतो, पण माझ्या मते दुभाषाचा मान त्या एन्झाइमना द्यायला हवा जे योग्य ट्रान्सफर आरएनएवर योग्य अमिनो आम्ल चढवतात. रायबोसोम फक्त तीन अक्षरं जुळतात का एवढंच पाहतो; पाठीवर काय आणलं आहे हे तो तपासत नाही.

रायबोसोम एकेक अमिनो आम्ल जोडत सेकंदाला साधारण पाच-सहाच्या वेगाने पुढे सरकतो. म्हणजे बीटा ग्लोबिनची एक साखळी अर्ध्या मिनिटाच्या आसपास पूर्ण होते. एका संदेशावर एकाच वेळी अनेक रायबोसोम चालतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींत हे पाहिलं गेलं, तेव्हा ग्लोबिनच्या संदेशावर बहुधा पाच रायबोसोम एका ओळीत दिसले होते. रायबोसोमची अणूपातळीवरची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेतलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. अमिनो आम्लं जोडण्याचं मुख्य काम रायबोसोममधली प्रथिनं करत नाहीत, त्यातला आरएनए करतो, हे त्या रचनेतून स्पष्ट दिसलं.

या कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, मला फार आवडतात. त्यांनी केंद्रक टाकून दिलेलं असतं; नवी नक्कल आता निघणार नाही. तरी आधीच तयार असलेल्या संदेशांवर त्या एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनवत राहतात. पूर्ण वाढलेल्या एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. आणि अशा नव्या पेशी मोठ्या माणसाचं शरीर दर सेकंदाला २० लाखांच्या वर तयार करतं. एवढ्या उत्पादनात संदेशांची थोडी तूटही लगेच जाणवते.

चुकीच्या कापलेल्या संदेशांचं पुढे काय होतं, हेही विचारायला हवं. वाचन भरकटलं की मध्येच कुठेतरी 'थांब' कोडॉन येतो. पेशीकडे असे संदेश ओळखायची सोय आहे. एक्झॉन जिथे जोडले गेले, त्या सांध्याच्या किंचित आधी प्रथिनांचा एक गठ्ठा खूण म्हणून बसवलेला असतो. पहिला रायबोसोम जाता जाता या खुणा काढत जातो. तो वाटेतच थांबला आणि पुढे एखादी खूण तशीच राहिली, तर पेशी समजते की काही चुकलं आहे, आणि तो संदेशच नष्ट करते. भूमध्य समुद्राकडच्या देशांत आढळणारा 'कोडॉन ३९' चा बदल असाच आहे: तिथला सी-ए-जी हा ग्लुटामिनचा शब्द टी-ए-जी झाला, म्हणजे थांबा झाला, आणि असे बहुतेक संदेश नष्ट होतात. अर्धवट साखळ्यांचा ढीग साचत नाही, ही यातली चांगली बाजू. तुम्ही आणि तुमची पत्नी दोघेही थॅलेसेमिया मायनर (दोनपैकी एकच जनुक सदोष) असून ठणठणीत आहात, त्याचं मुख्य कारण तुमचं दुसरं जनुक चांगलं आहे. पण बिघडलेल्या जनुकातून विषारी माल बाहेर पडत नाही याचाही हातभार आहे. थांबा शेवटच्या एक्झॉनमध्ये आला तर पुढे सांधाच उरत नाही, संदेश सुटतो, अर्धवट साखळी बनते, आणि अशा काही कुटुंबांत एकच सदोष जनुक असूनही माणूस आजारी पडतो.

तुमच्या मुलीला त्रास नेमका कशाचा होतो? बीटा कमी आहे हे अर्धंच उत्तर झालं. अल्फाचं उत्पादन मात्र पूर्ण वेगाने चालू असतं. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात, तिच्या आवरणाला इजा करतात, आणि बहुतेक तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात. मज्जा मग जिवाच्या आकांताने आणखी पेशी बनवते, हाडं रुंदावतात, प्लीहा वाढते. नियमित रक्त चढवण्याचा हेतू हिमोग्लोबिन वाढवणं एवढाच नसतो. ही निष्फळ धडपड शांत करणं हाही असतो. म्हणून 'मूल खेळतंय ना, मग या वेळचं रक्त पुढे ढकलू' असं कृपया करू नका.

ती जन्मली तेव्हा चांगली होती, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. गर्भात आणि पहिल्या काही महिन्यांत बाळ बीटाच्या जागी गॅमा साखळी वापरतं. तिची जनुकं त्याच ११ व्या गुणसूत्रावर शेजारीच आहेत आणि ती शाबूत आहेत. सहा महिन्यांच्या सुमारास गॅमा मिटतं, बीटावर भार येतो, तेव्हा आजार उघड होतो. नवी जनुकीय उपचारपद्धती याच गोष्टीचा फायदा घेते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये परवानगी मिळालेल्या क्रिस्पर (डीएनए ठरलेल्या जागी कापण्याचं तंत्र) उपचारात बीटाचं जनुक दुरुस्त करत नाहीत. गॅमाला झोपवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचा रक्तपेशींतला जोर कमी करतात, म्हणजे गॅमा पुन्हा जागं होतं. तो उपचार आज सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. आपल्याकडे बरं करणारा प्रत्यक्षातला मार्ग म्हणजे जुळणाऱ्या भावंडाची किंवा दात्याची अस्थिमज्जा, आणि ती लहान वयात, लोह साचण्याआधी केली तर निकाल चांगले येतात.

विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिथे सिकलसेल हा बीटा साखळीचाच दुसरा आजार जास्त आहे. सिकलमध्ये सहाव्या कोडॉनचा जी-ए-जी हा शब्द जी-टी-जी होतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. त्या जनुकाच्या सगळ्या खुणा मात्र ठीक असतात: नक्कल निघते, बरोबर कापली जाते, साखळी भरपूर बनते, पण बनते ती चुकीची. तुमच्याकडे उलट आहे. जी थोडी साखळी बनते ती अगदी बरोबर असते. एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून आयव्हीएस १-५ आलं, तर मूल सिकल-बीटा थॅलेसेमियाचं रुग्ण होतं. अशा घरात 'दोघांपैकी एकालाच सिकल आहे, म्हणजे काळजी नाही' हा सल्ला मी ऐकला आहे, आणि तो चुकीचा आहे.

ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये आढळणारं हिमोग्लोबिन ई या दोन्हींच्या मधलं आहे. २६ व्या कोडॉनमध्ये जी-ए-जी चं ए-ए-जी होतं. अमिनो आम्ल बदलतं, ते तर आहेच. पण मघाशी सांगितलेल्या १६ अक्षरं आधीच्या फसव्या जागेची ओळ त्या बदलाने जी-टी-जी-ए-जी ची जी-टी-ए-ए-जी होते. म्हणजे यू-१ च्या आवडीची! साखळी चुकीचीही आणि कमीही.

आता आहाराचं. डाळ, अंडं, दूध यांतलं प्रथिन पोटात अमिनो आम्लांपर्यंत तुटतं, आणि ती अमिनो आम्लं रायबोसोमपर्यंत पोहोचतात. तुमच्या मुलीकडे अमिनो आम्लांचा तुटवडा नाही. तुटवडा बरोबर कापलेल्या संदेशांचा आहे. वाढीसाठी तिला चांगला आहार हवाच, पण त्याने बीटा ग्लोबिन वाढणार नाही. महागड्या प्रोटीन पावडरी आणू नका. आणि रक्त कमी आहे म्हणून कोणी लोहाचं टॉनिक सुचवलं तर ते मुळीच देऊ नका. चढवलेल्या प्रत्येक पिशवीतून तिच्या शरीरात लोह जमा होतं आहे आणि ते बाहेर टाकायला शरीराकडे मार्ग नाही. फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) वाढू लागलं की लोह काढणारं औषध सुरू करावं लागेल. ते कधी, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

रिपोर्टची मूळ प्रत जपून ठेवा. पुढचं मूल हवं असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर असण्याची शक्यता चारात एक असते, आणि दोघांचे बदल आधीच माहीत असले तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेच्या पेशींची तपासणी नेमकी त्याच जागेची करता येते. म्हणून गरोदर राहण्याआधीच जनुकीय समुपदेशकाला भेटा. तुमच्या आणि पत्नीच्या भावंडांना साधा हिमोग्राम आणि हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी करून घ्यायला सांगा. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांना आधी.